बोली

दाढी करताना सापडली ती,
जबड्याखाली, डाव्या अंगाला,
वाटाण्याएवढी गाठ. दुखत नव्हती.
व्हर्लिन म्हणाला, थंडीची असेल.
फेब्रुवारी होता. नेब्रास्कात सगळं थंडीवरच ढकलतात.

गुरुवारी उभा राहिला नेहमीसारखा
गुरांच्या बाजारात, लाकडी माचावर,
चाळीस वासरांचा कळप आकड्यांनी हाकत.
त्याची बोली ऐकायला न घेणारेसुद्धा येतात:
एकशे ऐंशी, पंच्याऐंशी, कोण देतो नव्वद,
आणि मधे श्वास कधी घेतो
ते मला छत्तीस वर्षांत कळलेलं नाही.

तंबाखू नाही. सिगारेट नाही.
बिअर, तीही लेकीच्या लग्नात, अर्धीच.
ओमाहाच्या डॉक्टरीणबाईंनी टॉन्सिलचा तुकडा काढला,
तपासायला पाठवला,
आणि पुढच्या खेपेला खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या,
एचपीव्ही.

मला ते नाव ठाऊक होतं.
माझ्याच तपासणीच्या कागदावर पाहिलेलं, फार पूर्वी,
पुढच्या वर्षी ते नाहीसंही झालं होतं.
बायकांचं दुखणं, असंच समजत होते मी.
पुरुषाच्या घशात त्याचं काय काम?

तिथेही राहतो, बाई म्हणाल्या,
जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलच्या घड्यांत.
बहुतेकांचा आपणहून निघून जातो.
एखाद्याकडे मुक्काम करतो वीस वर्षं, तीस वर्षं,
भाडं न देता, आवाज न करता.
कुणाकडून आला ते शोधू नका.
जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी शिवून गेलेला असतो.

शोधू नका म्हटल्यावर
घरापर्यंतच्या साडेचार तासांत
मी दुसरं काही केलं नाही.
माझा एक होता. धान्याच्या कोठारावर कामाला आलेला,
ऑगस्ट ते ऑक्टोबर.
व्हर्लिनच्या किती, कधी विचारलं नव्हतं.
ब्रोकन बोला पेट्रोल भरताना तो म्हणाला, काय झालं?
काही नाही, म्हटलं, आणि आवंढा गिळला.
तेव्हा अजून दोघांनाही गिळता येत होतं.

पस्तीस वेळा किरणं.
गरम पाण्यात मऊ केलेली जाळी
त्याच्याच नाकाडोळ्यांवर बसवून मुखवटा केलेला,
तो टेबलाला घट्ट अडकवायचा,
आत तो, हलायचं नाही.
चौथ्या आठवड्यात चव गेली. कॉफी म्हणजे भिजका पुठ्ठा.
मग पोटात नळी.
सहाव्या आठवड्यात आवाज गेला
आणि नातवाच्या छोट्या फळ्यावर त्यानं लिहिलं,
लिलावाच्या पावतीवर लिहितो तसं, घाईत:
मीच आणला असेन तर? तुला काही होणार नाही ना?

म्हणजे तोही मोजत होता.
मी फळा पुसला नाही. खाली लिहिलं:
किंवा मी.

बराच वेळ बघत राहिला.
मग पलंगाच्या दांडीवर
बोटाच्या पेरानं एकदाच ठोकलं.
बाजारात हातोडा पडतो तसं.
त्यानंतर त्या मालावर कुणी बोली लावली नाही.

सप्टेंबरात गाठ नव्हती. बाई हसल्या,
पण पाच वर्षं येत राहा म्हणाल्या.
गुरुवारी त्यानं दहाच वासरं विकली,
तीही थांबत थांबत, मधे पाणी पीत.
आता सगळ्यांना कळतं तो श्वास कधी घेतो.

कोल्बी अकरा पूर्ण झाला.
जावई म्हणत होता, ही लस मुलींची ना?
व्हर्लिननं स्वतः गाडी काढली.
दवाखान्यात पोरानं बाही वर करत विचारलं,
माझ्या दंडात टोचून तुमचा घसा कसा बरा होईल?
कुणी लगेच बोललं नाही.

व्हर्लिननं बाटली उघडली,
लाळ काही परत आलेली नाही, बाटली कायम हातात,
मान किंचित डावीकडे वळवून एक घोट घेतला,
आणि तो खाली उतरेपर्यंत
आम्ही सगळे, नर्ससुद्धा,
थांबलो.